कंपाउंडर काकूंचं खत

जिन्याखाली लावलेली नोटीस काकूंनी दोनदा वाचली, चष्मा पदराला पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. 'इमारतीच्या मागील मोकळ्या पट्ट्यात काहीही उगवत नसल्याने सदर जागेत फरशी बसवून दुचाकी उभ्या करण्याची सोय करण्यात येईल.' काकूंनी पिशवीतून पेन काढलं, 'काहीही उगवत नसल्याने' या शब्दांखाली सरळ रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'कोण म्हणतं?' खाली सही ठोकली. फ्लॅट नंबरसकट.

खरं सांगायचं तर त्या पट्ट्यात काहीही उगवत नव्हतं. चाळीस फूट लांब आणि आठ फूट रुंद जागा. इमारत बांधताना उरलेला सगळा राडारोडा कंत्राटदाराने तिथे ढकलला होता आणि वर दोन बोटं माती भुरभुरवून तो निघून गेला होता. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फुटक्या फरश्या. रानगवतसुद्धा तिथे दबकत दबकत यायचं आणि आठवड्याभरात मान टाकायचं. काकूंच्या स्वयंपाकघराचं दार नेमकं त्या पट्ट्यात उघडायचं. सोळा वर्षं रोज सकाळी दार उघडलं की समोर हे. पण म्हणून दुसऱ्या कुणी नोटिशीत तसं लिहावं, हे काकूंना मंजूर नव्हतं.

काकूंना सगळी इमारत कंपाउंडर काकू म्हणायची. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं औषधं बनवली, मलमं घोटली, पट्ट्या बांधल्या. बाटल्यांवरची लेबलं पुसट झाली तरी काकूंचं अडायचं नाही. बूच उघडून नाकाजवळून नुसतं फिरवलं की सांगायच्या, हे अमुक, हे तमुक, आणि हे शिळं झालंय, फेकून द्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक ताप आला. ताप आठ दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी असेल. मग एका दुपारी स्पिरिटची बाटली आणि उकळलेल्या पाण्याची बाटली दोन हातांत धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. दोन्हींत काही फरक नव्हता. काकूंनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, आत जाऊन डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं, "डॉक्टर, माझं नाक गेलं. आता मी इथे धोक्याची आहे."

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "काकू, खूप केलंत. आता आराम करा."

आराम हा शब्द काकूंना शिवीसारखा लागला.

घरात त्या आणि त्यांची नणंद. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. नणंद टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली, लग्न केलेलं नव्हतं, मग भावाच्या घरी राहायला आली ती राहिलीच. काकू तिला वन्सं म्हणायच्या, ती काकूंना वहिनी. दोघी एकमेकींना अहो-जाहो करत, आणि त्या अहो-जाहोतच कडाकडा भांडत.

"नोटिशीवर लिहून आलात म्हणे," वन्सं म्हणाल्या.

"आले."

"आणि उगवणार काय तिथे? विटा?"

"बघालच," काकू म्हणाल्या. काय बघायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्या सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहत. विमा कचेरीत साहेब होते आणि घरातही बोलताना फाइलवर शेरा मारल्यासारखं बोलायचे.

"मला एक वर्ष द्या," काकू म्हणाल्या. "पुढच्या वार्षिक सभेपर्यंत. तोवर तिथे हिरवं दिसलं नाही तर पहिली फरशी मी माझ्या हाताने बसवीन."

"काकू, तिथे दगड आहेत."

"मला दिसतात. नाक गेलंय, डोळे शाबूत आहेत."

सेक्रेटरींनी होकार दिला. काही उदारपणा नव्हता त्यात. फरशीवाला तारखेवर तारखा देत होता, आणि म्हातारी चार दिवसांत दमून गप्प बसेल असा त्यांचा हिशोब होता.

काकू रोपवाटिकेत गेल्या. तिथल्या माळ्याने खताची पोती दाखवली. काकूंनी एका पोत्याची शिवण उसवून मूठभर बाहेर काढलं, बोटांत चोळलं. अर्धी राख आणि अर्धा भुसा. पोतं तिथेच ठेवून त्या परत फिरल्या. औषध बाहेरूनच आणायचं, तर मग कंपाउंडर कशाला? खत घरी बनवायचं ठरलं.

भंगारवाल्याकडून त्यांनी एक निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, सुताराकडून त्याला चौफेर भोकं पाडून घेतली, चार विटांवर तो उभा केला आणि त्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकायला सुरुवात केली. सालं, देठं, चहाचा चोथा, नासलेली फळं. रोज टाकायचं, झाकण लावायचं, आत यायचं. तीन आठवडे काकू मोठ्या खुशीत होत्या. मग वरच्या खिडक्या एकेक करून बंद व्हायला लागल्या. काकूंना वाटलं, धुळीमुळे.

एका सकाळी सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून मागच्या दारी आले. त्यांच्यामागे जिन्यात आणखी तीन-चार जण.

"काकू, हा वास बंद व्हायला पाहिजे. आजच्या आज."

काकू कमरेवर हात ठेवून ठणकावून म्हणाल्या, "कसला वास? मला तर काहीच येत नाही!"

वरच्या खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू जिना उतरत खाली आलं, आणि रुमालाच्या आतून सेक्रेटरीही हसले. काकूंना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. त्यांनी दार लावून घेतलं.

आत वन्सं धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"वन्सं, खरं सांगा. येते का घाण?"

"येते."

"किती दिवस झाले?"

"दहा-बारा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलू देता का?" वन्सं घडीवरून मान वर न करता म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, जरा हलक्या आवाजात, "आणि बऱ्याच दिवसांनी तुम्ही सकाळी उठल्या उठल्या कामाला लागत होतात. म्हटलं, राहू दे."

काकू उठल्या, दवाखान्यातले उरलेले रबरी हातमोजे चढवले, मागे एक जुनं प्लास्टिक अंथरलं आणि ड्रम आडवा केला. आतून काळपट करडा चिखल भळ्ळकन बाहेर आला. त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. नाक नव्हतं, पण डोळ्यांना जे दिसत होतं ते पुरेसं होतं. वरच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. काकूंनी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. चिखल हातात घेऊन दाबला तर बोटांतून पाणी गळायला लागलं.

'नुसतं ओलं,' काकू मनाशी म्हणाल्या. 'हवा नाही. म्हणून कुजलं नाही, सडलं.' बिघडलेलं मिश्रण त्यांनी आयुष्यात कमी पाहिलं नव्हतं. मिश्रण बिघडलं की रडायचं नसतं, प्रमाण तपासायचं असतं.

त्यांनी दवाखान्यातली एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं, 'ओलं एक भाग, सुकं दोन भाग.' सुकं कुठून आणायचं? समोरच्या रस्त्यावर झाडणारी बाई रोज सकाळी पानांचा ढीग करून पेटवायची. काकू पहाटे सहालाच जाऊन तिच्यापुढे उभ्या राहिल्या.

"जाळू नका. मला द्या."

"पानं?" झाडणारी बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "घरी नेऊन काय, उशी भरणार?"

"भरीन नाहीतर खाईन. जाळू मात्र नका."

दुसऱ्या दिवशी दारात पानांनी फुगलेली तीन पोती होती.

काकूंनी सडका चिखल पानांत घोळवून घेतला, त्यात पुठ्ठ्याचे तुकडे फाडून घातले, तळाला काटक्या रचल्या आणि ड्रम नव्याने भरला. ओल्याचा एक थर, त्यावर दुप्पट जाडीचं सुकं, मधेमधे मूठमूठ माती. शिजलेलं काही नाही, तेलकट काही नाही. दर चौथ्या दिवशी सगळं बाहेर काढून खालचं वर, वरचं खाली. मूठ भरून घट्ट आवळायची. एखाद-दुसरा थेंब निघाला तर बरोबर. धार लागली तर पानं घाला, काहीच निघालं नाही तर पाणी शिंपडा. एक लोखंडी सळई त्यांनी ढिगाच्या पोटात खुपसून ठेवली होती. सकाळी ती बाहेर काढून तळहातात धरायच्या. आठव्या दिवशी सळई इतकी तापलेली निघाली की काकूंनी ती पटकन या हातातून त्या हातात घेतली आणि एकट्याच हसल्या. ताप आला होता. या वेळी ताप यायलाच हवा होता.

उरला प्रश्न वासाचा. त्यासाठी वन्संना कामाला लावण्यात आलं. रोज सकाळी नऊ वाजता, आंघोळ झाली की वन्संनी ड्रमवर वाकायचं आणि अहवाल द्यायचा. काकू वही घेऊन शेजारी उभ्या.

"सांगा."

"आंबट."

"किती आंबट?"

"अहो, आंबट म्हणजे आंबट. माप कुठून आणू?"

'आंबट. पानं वाढवली,' काकू लिहायच्या. चार दिवसांनी, 'बुरशीचा.' आणखी आठवड्याने, 'काही नाही.' ड्रम भरला, दुसरा आणला, पुढे तिसराही. पहिला गार झाला तसा त्यातला ऐवज सावलीत पोत्याखाली दोन महिने मुरत ठेवला. एका सकाळी वन्सं वाकल्या आणि लवकर वर उठेनात.

"काय झालं?"

"चांगला येतोय."

"चांगला म्हणजे कसा?"

"मातीसारखा."

"माती कशी येते?"

वन्संनी पुन्हा एकदा वाकून हुंगलं. "मातीसारखी येते हो वहिनी! आता तुम्हाला कसं सांगू!"

काकूंनी वहीत 'माती' एवढंच लिहिलं. मग त्यांनी तो काळाभोर, रवाळ चुरा दोन्ही ओंजळींत घेतला आणि चेहरा अगदी आत घातला. खोल श्वास घेतला. काही नाही. नाकाच्या शेंड्याला गारवा लागला, तेवढाच. वन्सं दुसरीकडे बघायला लागल्या. काकूंनी चेहरा वर काढला, नाकाला लागलेलं खत मनगटाने पुसलं आणि म्हणाल्या, "मी घेतला नाही म्हणून त्याचं काही अडत नाही. चला, मोहरी आणा."

पेल्यात खत भरून त्यांनी त्यात मोहरी पेरली. कच्चं खत असेल तर बी जळतं. पाचव्या दिवशी पेल्यातून हिरव्या माना वर आल्या. वहीत नोंद झाली, 'पास.'

पुढचे महिने काकूंनी तो पट्टा पहारीने फोडला. रोज हातभर लांब, हातभर रुंद. जास्त नाही, कमी नाही. दगड वेचून भिंतीकडेला रचले, विटांचे तुकडे वेगळे केले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत खत कालवलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा पाटावर बसून केलं. सेक्रेटरी गॅलरीतून विचारायचे, "काय काकू, सोनं सापडलं का?" काकू खालून उत्तर द्यायच्या, "तुम्ही उतरा खाली, अर्धं तुमचं!" ते काही उतरले नाहीत. उतरले ते दुसऱ्या मजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर. अबोल माणूस. एक दिवस कागदाच्या पुडीत पेन्सिलीचा भुसा घेऊन आले. "हे चालतं का?" काकूंनी चिमूट चोळून पाहिली. "चालतं." तेव्हापासून पुडी दर शनिवारी यायला लागली.

वर्ष भरायला महिना उरला तेव्हा पट्ट्यात पालक होता, वाल होता, भिंतीकडेच्या दगडांवर भोपळ्याचा वेल चढला होता, आणि टोमॅटोला काठ्या लावाव्या लागल्या होत्या. वरची माणसं पुन्हा खिडक्या उघडून उभी राहायला लागली. सेक्रेटरींनी मात्र सभेच्या नोटिशीत फरशीचा विषय पहिलाच ठेवला.

आणि सभेच्या तीन आठवडे आधी घाण सुटली.

साधीसुधी नाही. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत माणसं तोंडाला कापड बांधून जिना चढायला लागली. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी आली, 'रविवार सकाळपर्यंत ड्रम हलवावेत, अन्यथा सोसायटी हलवेल.'

काकूंनी चिठ्ठी वन्संपुढे धरली. "सांगा."

"घाण आहे वहिनी. भयंकर आहे."

"ड्रमची?"

वन्संना मागच्या वेळचं सगळं आठवत असावं. त्या मागच्या दारी गेल्या, तिन्ही ड्रमची झाकणं काढून एकेकात डोकं घातलं, बराच वेळ लावला. परत आल्या त्या ठाम. "नाही. आपली नाही."

"नक्की?"

"इतकी वर्षं नुसत्या आवाजावरून माणूस ओळखलाय मी. वर्षभर तुम्ही नाकाने ओळखायला शिकवलंत. आपली नाही म्हणजे नाही."

काकूंनी चिठ्ठी चार तुकडे करून ड्रममध्ये टाकली. सुका भाग म्हणून.

रविवारी सकाळी बाकीची अकराच्या अकरा बिऱ्हाडं मागे जमली. सेक्रेटरींनी दोन हमाल बोलावले होते. काकूंनी ड्रमपुढे खुर्ची टाकली, पण बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

"हात लावायच्या आधी बघून घ्या," त्या म्हणाल्या. बाही वर सरकवली, झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तळातून मूठ भरून काढली आणि ती थेट सेक्रेटरींच्या नाकाखाली नेली. "घ्या वास."

सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले. "काकू, हा तमाशा..."

"तमाशा तुम्ही बोलावलाय. चिठ्ठी लिहिताना वास आला ना तुम्हाला? मग आता पण घ्या. मला येत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला माहितीये, त्यावर हसून झालंय तुमचं. ज्यांना नाक आहे त्यांनी वापरावं!"

ड्रॉइंग मास्तर पुढे आले, चष्मा कपाळावर ढकलला आणि काकूंच्या तळहातावर वाकले. एकदा, दोनदा. "ही ती घाण नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने वाकून पाहिलं. मग तिच्या सासूने. हमालांपैकी एकाने तर चिमूटभर उचलून चोळलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "आपल्या शेतात असं असतं तर!"

"मग घाण येते कुठून?" सासू म्हणाली.

"तेच शोधायचं," काकू म्हणाल्या. "वन्सं, चला."

वन्संचा हात धरून काकू भिंतीच्या कडेने निघाल्या. दहा पावलं चालायचं, थांबायचं, वन्संनी हुंगायचं. "कमी." दहा पावलं. "जास्त." दहा पावलं. "खूप." सगळी बिऱ्हाडं मागून चालत होती. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे काकूंची पहार अजून पोचली नव्हती, तिथे वन्संनी पदर नाकाला लावला आणि बोट खाली केलं. जमीन ओली होती. आठ दिवसांत पाण्याचा थेंब कुणी टाकलेला नसताना ओली.

प्लंबर आला, दोन फूट उकरलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. इमारतीची मैल्याची पाइप मधोमध तडकली होती. तीस वर्षं जुनी, कुणाचा एकट्याचा दोष नव्हता. अख्ख्या बारा घरांचं त्यातून झिरपत होतं. "बरं झालं, वर फरशी नव्हती," प्लंबर म्हणाला. "नाहीतर वर्षभर खाली मुरत राहिलं असतं, आणि एक दिवस सगळ्यांच्या मोऱ्यांतून वर आलं असतं."

काही लोकांनी काकूंकडे पाहिलं. सेक्रेटरींनी पाइपकडे पाहिलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आणि काकूंनी वाटही पाहिली नाही, कारण प्लंबर पुढे म्हणाला, "सगळी लाइन बदलावी लागेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत. चार फूट खोल."

म्हणजे पालक, वाल, टोमॅटो सगळं. वर्षभराची माती पुन्हा खाली जाणार आणि खालचा राडारोडा पुन्हा वर येणार.

त्या रात्री काकूंनी वहीसुद्धा उघडली नाही. वन्संना वाटलं, आता संपलं. सकाळी बघतात तर काकूंनी घरातल्या सगळ्या जुन्या चादरी, रिकामी पोती, धान्याच्या पिशव्या मागच्या दारात काढून ठेवल्या होत्या. प्लंबरची माणसं कुदळी घेऊन आली तेव्हा काकू पट्ट्याच्या मधोमध उभ्या होत्या.

"बाजूला व्हा आजी."

"होते. आधी वरची वीतभर माती काढा. वेगळी. पोत्यांत. मग खाली काय खणायचं ते खणा."

"अहो, दोन दिवस जास्त लागतील."

"लागू देत. तोवर मी इथून हलत नाही. माझ्यासकट खणणार असाल तर खणा."

कुदळवाल्यांनी प्लंबरकडे पाहिलं. प्लंबरने वर गॅलरीत सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरी काही बोलायच्या आत ड्रॉइंग मास्तर एक घमेलं घेऊन आले आणि वाकून माती भरायला लागले. मागोमाग तिसऱ्या मजल्यावरची सासू आणि सून. रागारागाने का होईना, कुदळवाल्यांनीही फावडी उचलली.

संध्याकाळपर्यंत बहात्तर पोती भरली. ठेवायची कुठे? काकूंनी ती जिन्याखाली, दोन्ही बाजूंना, पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत रचली. सेक्रेटरी ऑफिसातून आले ते पायरीवर थबकलेच.

"जिन्यात माती?"

"खड्डा बुजेपर्यंत."

"हा सार्वजनिक जिना आहे, काकू!"

"पाइपसुद्धा सार्वजनिकच होती," काकू म्हणाल्या. "आठ दिवस तुमच्या सगळ्यांचं मी माझ्या माथ्यावर घेतलं. आता आठ दिवस माझं तुम्ही जिन्यात घ्या."

सेक्रेटरी अंग चोरून, बॅग पोटाशी धरून वर गेले. तसेच सहा दिवस गेले-आले. सगळेच तसे गेले-आले. पोत्याला हात टेकून चढायचे, मग बोटं बघायचे, मग नकळत नाकाशी न्यायचे. काकू दाराच्या फटीतून पाहत आणि वन्संना सांगत, "आणखी एक."

सभा झाली. फरशीच्या बाजूने पाच हात, विरोधात सात. सेक्रेटरींनी निकाल वाचला, पण चिवटपणात तेही काकूंच्या तोडीचे होते. फाटकाकडची दहा फूट जागा तरी दुचाकींना द्या, असा ठराव त्यांनी लगेच मांडला आणि तो मंजूरही करून घेतला. काकूंनी वाद घातला नाही. उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "दहा फूट दिली. पण उरलेल्या तीस फुटांना तीन ड्रम पुरत नाहीत. उद्यापासून बारा घरांचा ओला कचरा माझ्याकडे आला पाहिजे. ठरावात लिहून घ्या."

"आणि कुणी नाही दिला तर?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तर मी दारावर मागायला येईन. रोज. सकाळी सातला."

लिहून घेण्यात आलं.

माती पुन्हा पट्ट्यात गेली. खालून नवी पाइप, वर वीतभर काळी माती. पालक पुन्हा पेरावा लागला, भोपळ्याचा वेल मात्र एका कडेने जगला होता. सकाळी मागच्या दारी बादल्यांची रांग लागायची. काकू हातमोजे घालून एकेक बादली उलथून बघायच्या, शेजारी वन्सं, आणि वहीत नोंद. पहिल्या मजल्यावरची बादली पंधरा दिवस आलीच नाही. सोळाव्या दिवशी आली. सेक्रेटरींची बायको पदराआडून आणून हळूच ठेवून गेली. काकूंनी ती उलथली, आतून दुधाची पिशवी आणि दोन प्लास्टिकचे चमचे निघाले. काकूंनी सगळं होतं तसं परत भरलं आणि वन्संच्या हाती दिलं.

"वर द्या. म्हणावं, निवडून पाठवा."

"अहो, त्या बिचारीने चोरून आणलंय. असू दे की, चमचे आपण काढू."

"आज चमचे काढले तर उद्या बाटल्या येतील. परत द्या."

वन्सं कुरकुरत वर गेल्या, रिकाम्या हाताने खाली आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मागच्या दारी सेक्रेटरी स्वतः उभे होते. ऑफिसचे कपडे, पॉलिश केलेले बूट आणि हातात बादली. चेहरा लाल.

"निवडलंय," ते म्हणाले. "मी स्वतः."

काकूंनी बादली घेतली, हात घालून तळापर्यंत चाळलं, एक मूठ उचलून आवळली. बोटांतून पाण्याची धार लागली. काकूंनी ती मूठ त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"ओलं जास्त आहे. उद्यापासून वर्तमानपत्र फाडून घाला."

सेक्रेटरींनी तोंड उघडलं. मग ते बादलीकडे बघत म्हणाले, "किती पानं?"

"चार," काकू म्हणाल्या. "बारीक फाडा."